वाळवंटातली डिस्नेची वसाहत: अप्रूप नावाचं, बिल पाण्याचं?

कोरडवाहू

कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जजवळच्या रँचो मिराजमध्ये ६१८ एकरांवर 'कोटिनो' वसत आहे. 'स्टोरीलिव्हिंग बाय डिस्ने' या नावाखालची ही पहिली वसाहत. घोषणा फेब्रुवारी २०२२ ची, लोक राहायला येऊ लागले २०२५ मध्ये. आराखड्यात १,९३२ घरं, हॉटेलं, दुकानं आणि मधोमध २४ एकरांचं निळंशार तळं. बाहेर वर्षाला जेमतेम पाच इंच पाऊस.

माझं मत सरळ आहे: इथे जे विकलं जातंय ते नाव, आणि तेच भाड्याचं आहे. जमीन विकसित करते डीएमबी, घरं बांधतात शे होम्स, डेव्हिडसन आणि वुडब्रिज पॅसिफिक. डिस्ने घर बांधत नाही, विकतही नाही. नाव देते, सजावटीत हात घालते आणि क्लब चालवते. खरेदीखतावर उंदीरमामांची सही नसते.

फ्लोरिडातलं डिस्नेनेच वसवलेलं सेलिब्रेशन हे गाव आठवा. तिथे १९९६ मध्ये पहिली कुटुंबं आली. २००४ मध्ये डिस्नेने गावाचा मधला बाजारभाग विकून टाकला. २०१६ मध्ये तिथले सदनिकाधारक गळक्या छपरांवरून कोर्टात होते, आणि समोर डिस्ने नव्हती.

ओसरी

कोरडवाहू, उदाहरण अर्धंच घेतलंत. सेलिब्रेशनमधून डिस्ने बाहेर पडली तरी गाव ओस पडलं का? नाही. रस्त्याकडेच्या ओसऱ्या, मागच्या गल्लीतली गॅरेजं, चालत जाण्याजोगा बाजार, या गोष्टी आराखड्यात होत्या, म्हणून टिकल्या. नाव गेलं तरी आराखडा जात नाही.

आणि पाम स्प्रिंग्जच्या या दरीत नाव विकणं काय नवीन आहे? कोटिनोच्या परिसरातले रस्ते विनोदी नट बॉब होप, गायिका डायना शोर आणि माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या नावाचे. खुद्द वॉल्ट डिस्नेचं घर पाम स्प्रिंग्जच्या स्मोक ट्री रँचवर होतं. डिस्नेलँडमधल्या त्याच्या पुतळ्याच्या टायवर एस-टी-आर ही अक्षरं आहेत ती तिथलीच. 'कोटिनो' हे त्याच 'स्मोक ट्री' झाडाचं स्पॅनिश नाव. संबंध ओढूनताणून आणलेला नाही.

मोटकरी

नावाचं चालू द्या, मी तळ्याचा हिशेब मांडतो.

त्या दरीत उघड्या पाण्याची वर्षाला साधारण ६ फूट वाफ होते. २४ एकर गुणिले ६ म्हणजे १४४ एकर-फूट. एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं पाणी, १,२३३ घनमीटर, म्हणून वर्षाला सुमारे १७ कोटी ७५ लाख लिटर पाणी नुसतं हवेत जातं. १,९३२ घरांत वाटलं तर घरामागे रोज २५० लिटर. हे सगळी घरं भरल्यावर. निम्मी भरली तर वाटा दुप्पट. तळं काही गिऱ्हाईक मोजून आटत नाही.

वाफ अडवायचे उपाय दोनच: पाणी झाकणं, म्हणजे मग पोहायचं कुठे, किंवा पृष्ठभागावर रसायनाचा अतिपातळ थर सोडणं. तो थर वाऱ्याने फाटून एका काठाला गोळा होतो. दरीच्या तोंडाशी, सॅन गोर्गोनियो खिंडीत, पवनचक्क्यांचं रान उभं आहे, त्यावरून वाऱ्याचा अंदाज करा.

ओसरी

हिशेब बरोबर, पण तुलना कुठे आहे? त्याच दरीत शंभराहून जास्त गोल्फ मैदानं आहेत. अठरा होलच्या मैदानाची हिरवळ १०० एकर धरा. गवताला वर्षाला पाच फूट पाणी लागतं असं हात राखून धरलं तरी ५०० एकर-फूट झाले. म्हणजे हे तळं एका मैदानाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पितं. आणि गोल्फ खेळणार किती जण? तळ्यावर पोरंटोरं, म्हातारीकोतारी सगळीच जातात.

तंत्रज्ञानही साधं नाही. क्रिस्टल लगून्स या मूळच्या चिलीतल्या कंपनीची पद्धत आहे ती. तळाला प्लास्टिकचं अस्तर, जागोजागी संवेदक, जंतुनाशक सतत न ओतता गरजेपुरतं ठरावीक वेळाने सोडायचं, गाळाचे कण ध्वनिलहरींनी एकत्र आणायचे आणि तळावर फिरणाऱ्या गाडीने ओढून घ्यायचे. तरणतलावासारखं सगळं पाणी दिवसातून अनेकदा गाळणीतून फिरवावं लागत नाही, त्यामुळे वीजही वाचते.

मोटकरी

ओसरीताई, गोल्फची तुलना बिल्डरचे लोकही करतात, पण त्यात एक खोच आहे. मधल्या दरीतल्या बऱ्याच मैदानांना 'मिड-व्हॅली पाइपलाइन'मधून कोलोरॅडो नदीचं कच्चं पाणी आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळतं. गवताला ते चालतं. माणसं डुंबणार त्या पाण्याला दर्जा वरचा लागतो. एकर-फूट तेवढाच, पण पाणी तेच नव्हे.

दुसरी गोष्ट क्षारांची. वाफ होते ती शुद्ध पाण्याची. मीठ, चुना, सिलिका मागेच राहतात. सरासरी खोली ८ फूट आणि भरायच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार धरा. दर वर्षी ६ फूट नवं पाणी घालायचं, तर तळ्यातले क्षार वर्षाला सव्वादोनशे मिलिग्रॅमने चढत जातात. चार वर्षांत लिटरला १,२००. मग अस्तरावर पांढरी पुटं धरतात, पंपाच्या पात्यांवर चुना बसतो, पाणी दुधाळ दिसू लागतं. त्यावर इलाज एकच, थोडं खारं पाणी काढून टाकायचं आणि नवं घालायचं. म्हणजे १४४ हा आकडा तळमजला झाला. माहितीपत्रकात वाफेचा आकडा दिलेला असेल तर काढून टाकलेल्या पाण्याचाही विचारा.

कोरडवाहू

नेमकं बोललात. या तळ्याचं थोरलं भावंड त्याच दरीच्या खालच्या टोकाला पडलंय, साल्टन सी. १९०५ मध्ये कालव्याचा काठ फुटून कोलोरॅडो नदी दोन वर्षं खोलगट भागात वाहत राहिली, त्यातून झालेलं सरोवर. १९५८ मध्ये काठाला साल्टन सिटीचे प्लॉट पडले, १९५९ मध्ये अल्बर्ट फ्रेने आखलेला नॉर्थ शोअर यॉट क्लब उघडला. सरोवराला बाहेर जायची वाट नाही. आज ते समुद्राहून खारट आहे आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ उडते. तेव्हाही जाहिरात 'वाळवंटातला समुद्रकिनारा' अशीच होती.

ओसरी

हे म्हणजे हौदाची तुलना धरणाशी! साल्टन सी मध्ये शेतांचं खारं पाणी उतरतं आणि त्याचा ताबा कुणा एकाकडे नाही. अस्तर घातलेलं २४ एकरांचं तळं उपसता येतं, धुता येतं, वेळ आली तर बुजवून बागही करता येते.

हिशेबी

बुजवता येतं, पण पैसे कुणी द्यायचे हे कुणीच लिहीत नाही. तळं कुणाच्या नावावर आहे: विकासकाच्या, क्लबच्या की घरमालक संघटनेच्या? आणि विकासक गेल्यावर कुणाच्या? खरेदीदाराने पहिला शोध याचा घ्यावा. क्लबचं सदस्यत्व ऐच्छिक आहे, संघटनेचं नाही.

कागद या क्रमाने वाचा. आधी राज्याच्या रिअल इस्टेट खात्याचा पब्लिक रिपोर्ट, म्हणजे वसाहतीची जाहीर माहिती. नव्या वसाहतीत तो हातात पडल्याशिवाय बांधील होऊ नका. मग संघटनेची नियमावली, त्यात सामायिक मालमत्तेची यादी. मग मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीचा अहवाल. कायद्याने दर तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी करून तो करावा लागतो. नव्या वसाहतीतली वर्गणी स्वस्त वाटते कारण पंप नवे, रंग नवा, विकासकाचा हात अजून खिशात. तो निघाला की चटके बसतात: संचालक मंडळ सभासदांचं मत न घेता वर्गणी वर्षाला २० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतं.

कराचंही तसंच. १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' या राज्याच्या नियमामुळे मूळ मालमत्ता कर किमतीच्या १ टक्का आणि करपात्र किंमत वर्षाला फार तर २ टक्के चढते. १५ लाख डॉलरच्या घराला १५ हजार. पण १९८२ च्या मेलो-रूस कायद्याखाली रस्ते-गटारांसाठी कर्जरोखे काढलेले असतील तर तो खास कर वेगळा, घराच्या किमतीवर नसलेला, कित्येक वर्षं चालणारा. तो थकला तर जप्तीची कारवाईही नेहमीच्या करापेक्षा बरीच लवकर सुरू होते. सूचनापत्र मिळतं, लोक वाचत नाहीत.

नावाचा करार किती वर्षांचा, तो संपला तर फलकावर काय राहील, हेही लेखी मागा.

ओसरी

हिशेबी, हे सगळं मान्य, पण कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही नव्या वसाहतीला लागू आहे. त्याचा डिस्नेशी काय संबंध?

हिशेबी

संबंध इतकाच की नाव ओळखीचं असलं की माणूस कागद चाळतो, वाचत नाही.

कुलूपकिल्ली

सगळे पाण्यात आणि कागदात अडकलेत, उन्हाळ्याचं कुणीच बोलत नाही. पाम स्प्रिंग्जला ५ जुलै २०२४ रोजी १२४ अंश फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे ५१ सेल्सिअस. अशा ठिकाणची बरीच घरं मे ते ऑक्टोबर बंद असतात. मोसमी माणसांवर चालणारा बाजार कसा असतो ते बघायचं असेल तर ऑगस्टमधला बघा.

घर बंद करताना एसी पूर्ण बंद केला तर लाकडी कपाटांचा डिंक सुटतो, फरशीच्या पट्ट्या वाकतात. ८५ अंश फॅरनहाइटवर ठेवून जायचं. सिंकखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं घरात येतात, म्हणून त्यात वर थोडं खनिज तेल ओतायचं. पश्चिमेच्या काचांना बाहेरून पडदे हवेत. आतले पडदे ऊन आत आल्यावर अडवतात. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पट्ट्यांत बारीक वाळू बसते, ती पाण्याने हलक्या हाताने धुवायची, प्रेशर मशीन लावलं तर पट्ट्या मुडपतात.

ओसरी

आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह?

कुलूपकिल्ली

तोच बंद करायचा, पण आधी ठिबकची फांदी त्याच्या कुठल्या बाजूला निघते ते बघायचं. रस्त्याकडच्या मीटरपाशी पाणी तोडलं तर घर सुरक्षित राहतं, झाडं मात्र दोन आठवड्यांत वाळतात. ठिबकला वेगळा व्हॉल्व्ह आहे का, हे घराचा ताबा घेण्याआधी बिल्डरकडून उघडून दाखवून घ्या. नंतर फरशी फोडून बसवणं महागात जातं.