लिबर्टेरियन लोकांनी एकत्र राहायला जायचं तर कुठे? माझ्या मते न्यू हॅम्पशायरची निवड बरोबरच होती

नॅशुआकर

फ्री स्टेट प्रोजेक्टबद्दल मराठीत कोणी फारसं लिहीत नाही म्हणून हा धागा. २००१ मध्ये जेसन सोरेन्स या येल विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलाने एक लेख लिहिला. लिबर्टेरियन लोक, म्हणजे सरकारने जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळावी आणि बाकी लोकांच्या आयुष्यात नाक खुपसू नये असं मानणारे, ते सगळ्या अमेरिकेत विखुरलेत म्हणून कुठेच निवडून येत नाहीत, तर २०,००० जणांनी ठरवून एकाच छोट्या राज्यात राहायला जावं. ५,००० सह्या झाल्यावर २००३ मध्ये सह्या करणाऱ्यांनीच दहा राज्यांमधून मतदानाने निवड केली. पहिलं आलं न्यू हॅम्पशायर, दुसरं वायोमिंग. २०,००० सह्या पूर्ण व्हायला मात्र २०१६ उजाडलं.

वायोमिंगच घ्यायला हवं होतं असं म्हणणारे अजून भेटतात. तिथली लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्या आसपास आणि न्यू हॅम्पशायरची बारा लाखांच्या वर, म्हणजे तेवढीच माणसं तिथे जास्त वजनदार ठरली असती. ऐकायला पटतं पण मला हा हिशोबच चुकीचा वाटतो. डोकी किती ते नंतर बघा, आधी सत्तेची पहिली पायरी किती खाली आहे ते बघा. इथल्या, म्हणजे न्यू हॅम्पशायरच्या, हाऊसमध्ये (विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात) ४०० आमदार आहेत, म्हणजे साधारण साडेतीन हजार माणसांमागे एक, आणि मानधन वर्षाला १०० डॉलर, तेही एकोणिसाव्या शतकापासून तेवढंच. एवढ्याशा मतदारसंघात साधा माणूस नोकरी सांभाळून, संध्याकाळी दारोदार फिरून निवडून येऊ शकतो, त्याला ना पक्षाचा पैसा लागतो ना टीव्हीवरची जाहिरात. त्यात बॉस्टन जवळ. वायोमिंगला जाऊन नोकरी कुठे शोधायची? विचार कितीही पक्के असले तरी घराचा हप्ता दर महिन्याला भरावाच लागतो.

परिणामही दिसतोय. पगारावर आणि विक्रीवर राज्याचा कर आधीपासूनच नव्हता, २०२५ पासून व्याज आणि डिव्हिडंडवरचाही गेला. २०२१ मध्ये पालकांना शिक्षणाचा सरकारी पैसा खाजगी शाळेकडे नेता यावा असा कायदा झाला. हाऊसमधले बहुमताचे नेते जेसन ऑसबोर्न हे स्वतः याच चळवळीतून इथे राहायला आलेले. काही हजार माणसांत एवढं होऊ शकतं याचा मला खरंच आनंद आहे.

बर्फातली_मास्तरीण

मी याच राज्यात शाळेत शिकवते, मला आनंद नाही. क्रॉयडनचं सांगा की. आठशे वस्तीचं गाव, शाळेची ऐंशीएक मुलं. मार्च २०२२ मध्ये गावच्या शाळेच्या वार्षिक सभेत, बाहेर बर्फ पडत असताना, फ्री स्टेटवाल्या एका गृहस्थाने ऐनवेळी दुरुस्ती मांडली की १७ लाख डॉलरचं बजेट ८ लाखांवर आणा. हजर किती, तर जेमतेम तीसचाळीस माणसं. २० विरुद्ध १४ ने पास!! घरी बसलेल्या आईबापांना कळलं तेव्हा मुलांच्या शाळेचे निम्म्याहून जास्त पैसे गेलेले होते. मग लोकांनी दारोदार फिरून (तुम्ही म्हणता तसंच) सह्या गोळा केल्या, मे महिन्यात विशेष सभा बोलावली, तिला निम्म्याहून जास्त मतदार हजर असायलाच हवेत असा नियम, तरी आले, आणि ३७७ विरुद्ध २ ने बजेट परत आणलं. तुम्ही ज्याला खाली असलेली पायरी म्हणता ती पायरी म्हणजे बाकीचे गाफील असताना साधलेली वेळ आहे.

नॅशुआकर

ताई, क्रॉयडनला जे झालं ते मलाही आवडलं नाही, पण तुमचंच उदाहरण परत वाचा. गावाला वाटलं आणि दोन महिन्यांत गावाने निर्णय फिरवला. बोस्टनला किंवा वॉशिंग्टनला झालेला निर्णय फिरवायला किती वर्षं लागतात? मी तर म्हणतो सत्ता माणसाच्या हाताच्या अंतरावर असली पाहिजे ती यासाठीच.

कोथरूडचा_काका

मला हा प्रकार ओळखीचा वाटतो. आमच्या कोरेगाव पार्कातून रजनीशांचे लोक १९८१ मध्ये ओरेगॉनला गेले, शेजारच्या अँटिलोप नावाच्या चिमुकल्या गावात मतं वाढवून गावची कौन्सिल ताब्यात घेतली, मग १९८४ मध्ये अख्खी काउंटी हवी म्हणून गावोगावचे बेघर लोक बसमध्ये घालून मतदानासाठी आणले, आणि स्थानिकांना मतदानाला येताच येऊ नये म्हणून द डॅलस नावाच्या तिथल्या गावात हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला हे जंतू मिसळले, ७५१ माणसं आजारी पडली. सगळे लिबर्टेरियन असे असतात असं मी म्हणत नाही. पण आधी ठरवून यायचं, मतं मोजून यायचं आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात तिथली घडी बदलायची, या कल्पनेतच शेजारधर्म नाही.

नॅशुआकर

काका, विष घालणारे आणि उघडपणे जाहीरनामा छापून येणारे एका मापाने मोजू नका. इथे कोणी लपून आलं नाही, २००३ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर क्रेग बेन्सन यांनी जाहीर स्वागत केलं होतं. आणि शेजारच्या व्हरमाँटचं काय? साठ-सत्तरच्या दशकात शहरातली डाव्या विचारांची तरुण मंडळी तिथे राहायला गेली, ब्रुकलिनचे बर्नी सँडर्स १९८१ मध्ये दहा मतांनी तिथल्या बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले, पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन असलेलं राज्य पालटलं. त्याला कोणी ताबा घेणं म्हणत नाही. राहायला जाणं आणि मत देणं हा सगळ्यांचाच हक्क आहे.

हिशोबनीस

तत्त्व बाजूला ठेवा, खर्चाचं बोला. मी पण दक्षिण न्यू हॅम्पशायरमध्येच राहतो. पगारावर कर नाही म्हणून आलो, तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त बिलांपैकी, कारण शाळा मुख्यतः त्याच पैशांवर चालतात. नोकरी शेजारच्या मॅसॅच्युसेट्सची (बॉस्टन त्याच राज्यात) असेल तर त्यांचा इन्कम टॅक्स वेगळा. कोविडमध्ये घरून काम करणाऱ्यांकडूनही तो घेतला, न्यू हॅम्पशायर राज्य त्याविरुद्ध अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. म्हणजे बॉस्टन जवळ असण्याचा जो फायदा तुम्ही सांगता तोच इथे अंगावर येतो. आणि गांजा? स्वातंत्र्यवाल्यांच्या राज्यात थोडासा बाळगण्याला २०१७ मध्ये फौजदारी गुन्ह्यातून वगळलं, पण दुकानात विक्री अजून नाही. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातल्या, बाकी पाचही राज्यांत ती कायदेशीर आहे. हाऊसने विधेयकं पास करायची आणि २४ जणांच्या सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, अडवायची असं चाललंय. ४०० आमदारांचं कौतुक इथे येऊन थांबतं.

राजुऱ्याचा

विदर्भातला आहे, शेतकरी संघटनेत वाढलो, म्हणून मला हा विषय जवळचा वाटतो. शरद जोशींच्या सभांना लाखो शेतकरी यायचे, मागणी साधी होती की सरकारने आमच्या मालाच्या भावात हात घालू नये, बाजार मोकळा करा. सभा भरल्या पण मतपेटीत ते दिसलं नाही, कारण आमचा माणूस सगळ्या महाराष्ट्रभर पसरलेला. २००४ मध्ये जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षाचा एकच आमदार आला, वामनराव चटप, आमच्या राजुऱ्यातून, जिथे संघटनेचं काम दाट होतं. त्यामुळे दाटी पाहिजे हे नॅशुआकरांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पण आमचा शेतकरी जाणार कुठे? त्याची जमीन उचलून नेता येत नाही. लॅपटॉपवर काम करणारा माणूस राज्य निवडू शकतो, कापूसवाला नाही, आणि सरकारी जाच सगळ्यात जास्त भोगतो तो कापूसवालाच. त्यात आपल्याकडे १९८९ पासून पक्ष नोंदवायचा तर समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते, लोकप्रतिनिधी कायद्याचं २९ अ कलम. मोकळ्या बाजाराचा पक्ष काढणाऱ्यालाही ते लिहून द्यायचं. म्हणून माझं मत असं की जागा शोधत फिरण्यापेक्षा जिथे आपली माणसं आधीच दाट आहेत तिथे दहा-वीस वर्षं टिकून काम करावं.

नॅशुआकर

राजुऱ्याचे भाऊ, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनाचा आहे. पण जो जाऊ शकतो त्याने तरी का थांबावं? एका ठिकाणी चालवून दाखवलं तर बाकीच्यांना बोट दाखवायला काहीतरी असतं. आणि हिशोबनीस, सिनेट अडवते हे खरं, पण २४ जागांपैकी प्रत्येकीत साठ हजारांच्या आसपास माणसं येतात, तिथे दारोदार फिरणं पुरत नाही, म्हणून तिथे अजून वेळ लागतोय. वायोमिंगमध्ये ही अडचण खालच्या सभागृहापासूनच सुरू झाली असती, तिथे एका आमदारामागे न्यू हॅम्पशायरच्या दुपटीहून जास्त माणसं आहेत.

बर्फातली_मास्तरीण

चालवून दाखवायला हरकत नाही, पण ते आमच्या वर्गातल्या मुलांवर नको. २००४ मध्ये ग्राफ्टन गावात यातल्याच काही जणांनी हाच प्रयोग केला होता, हजार-बाराशे वस्तीचं गाव, तिथल्या लोकांना आपलं गाव निवडलं गेलंय हे नंतर कळलं आणि सभेत ते संतापून उठले. तुम्ही सगळे राज्य कोणतं निवडायचं यावर बोलताय, तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारायचं कसं यावर अजून एकानेही एक ओळ लिहिलेली नाही. ते लिहा, मग मी पुढे बोलते.