रोमच्या घेट्टोत कोशर इटालियन जेवण: कुठे बसावे, काय मागवावे?

माडबन

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यूंपैकी) कुटुंब मार्चच्या मध्यात इस्रायलमधील अश्दोदला नातेवाइकांकडे जाताना वाटेत रोमला मुक्काम करणार आहोत. आईवडील सत्तरी ओलांडलेले आहेत आणि कोशरचे, म्हणजे ज्यू धर्मातील खाण्यापिण्याचे, नियम घराबाहेरही कसोशीने पाळतात. सोबत पत्नीची एक मैत्रीण आहे. ती शाकाहारी असून अंडेही खात नाही. परप्रांतात आम्ही एरवी फळे, सुका मेवा आणि घरच्या चपात्यांवर वेळ निभावून नेतो, पण इटलीत पाऊल ठेवून पास्ता न खाता निघणे आईला मुळीच मंजूर नाही.

जुन्या घेट्टोच्या (ज्यू वस्तीच्या) परिसरात कोशर रेस्टॉरंट आहेत, एवढे ठाऊक आहे. सर्वांना एकाच टेबलाशी बसून निर्धास्तपणे जेवता येईल अशी जागा कृपया सुचवावी. आम्ही शुक्रवारी दुपारी पोहोचतो आणि सोमवारी सकाळी निघतो.

उनाडपाऊल

व्हिया देल पोर्तिको द'ओत्ताव्हिया हा तिथला मुख्य रस्ता. 1904 मध्ये पूर्ण झालेल्या, चौकोनी घुमटाच्या मोठ्या सिनेगॉगपासून (ज्यू प्रार्थनास्थळापासून) तो अगदी जवळ आहे आणि रोममधील बरीचशी कोशर रेस्टॉरंट तिथेच ओळीने आहेत. मात्र नाव पाहण्याआधी एक गोष्ट विचारा: स्वयंपाकघर मांसाचे की दुधाचे? कोशर जागेत ही दोन्ही एकत्र नसतात, त्यामुळे वडिलांना कोकराचे मांस आणि मैत्रिणीला चीज घातलेला पास्ता एकाच टेबलावर मिळणार नाही. 'बा'घेत्तो' हे मांसाचे आणि त्याच रस्त्यावरचे 'बा'घेत्तो मिल्की' हे दुधाचे, अशी सोपी जोडी तिथे आहे. आत शिरताना रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) देखरेखीचे प्रमाणपत्र पाहून घ्यावे. ते सहसा दर्शनी भागातच लावलेले असते.

मार्च म्हणजे आर्टिचोक या कळीसारख्या भाजीचा ऐन हंगाम, तेव्हा 'कार्चोफी आला जुदिया' (ज्यू पद्धतीचे तळलेले आर्टिचोक) चुकवू नका. या भागातले आर्टिचोक गोल, घट्ट आणि बिनकाट्यांचे असतात. बाहेरची राठ पाने तासून ते लिंबाच्या पाण्यात ठेवतात, आधी मंद आणि मग कडकडीत तेलात तळतात, आणि वर येताना त्याची पाने उमललेल्या फुलासारखी पसरतात. बाहेरची पाने कुरकुरीत, गाभा लोण्यासारखा. 1555 मध्ये पोप चौथ्या पॉलने ज्यू समाजाला भिंतीआड कोंडल्यानंतरच्या तीन शतकांत भाजी, स्वस्त मासळी आणि तेल यांवर जी पाककला पोसली गेली, तिचे हे सर्वांत प्रसिद्ध अपत्य आहे. 2018 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी कार्यालयाने, पानांत दडलेले किडे तपासता येत नाहीत या कारणावरून, अखंड आर्टिचोक कोशर नसल्याची भूमिका घेतली होती. रोमच्या समाजाने ती मानली नाही, आणि आपल्या घट्ट मिटलेल्या जातीत किडा शिरत नाही असे त्यांचे म्हणणे आहे. आई या बाबतीत काटेकोर असतील, तर निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

काकडीसारखी दिसणारी झुकिनी तळून व्हिनेगर आणि लसूण घालून मुरवतात, ती 'कोंचा'सुद्धा मागवा. आंबट-तिखटावर पोसलेल्या जिभेला ती फार जवळची वाटते.

तिखटमीठ

मैत्रिणीसाठी एक सावधगिरीची सूचना. दुधाचे कोशर रेस्टॉरंट म्हणजे शाकाहारी रेस्टॉरंट नव्हे. तिथे मासे आणि अंडी मोकळेपणाने वापरतात. भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांत मोझरेलाबरोबर अँचोव्ही हा खारवलेला मासा भरलेला असतो, आणि तळणीचे तेल माशांसाठी वेगळे असेलच असे नाही. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. रव्याच्या सुक्या पास्त्यात सहसा नसते. चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट (दूध फाडण्यासाठी वापरला जाणारा, वासरांच्या जठरातला पदार्थ) आहे का, हेही विचारावे लागेल, कारण कोशर शिक्का असला तरी ते नसेलच अशी खात्री देता येत नाही. टोमॅटोचा किंवा लसूण, तेल आणि सुकी मिरची यांचा सुका पास्ता, 'चीज नको' असे स्पष्ट सांगून मागवणे सर्वांत निर्धोक. गंमत अशी की दुधाचा थेंबही नसलेल्या मांसाच्या रेस्टॉरंटमध्ये हे सांगावेही लागत नाही.

माडबन

फार उपयुक्त माहिती. वडिलांना मांसच हवे आहे. आमच्याकडे मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध घालतात, म्हणून दुधावाचून अडत नाही; पण चीज आणि डुकराचे मांस वगळल्यावर रोमच्या पास्त्यात उरते काय, अशी त्यांची शंका आहे. शिवाय शुक्रवारी रात्रीचे काय करावे?

उनाडपाऊल

वडिलांची शंका रास्त आहे. कोशर मांसाच्या स्वयंपाकघरात कार्बोनारा (मूळचा डुकराचे मांस, अंडी आणि चीज यांचा पास्ता) करतात, तेव्हा खारवून वाळवलेले गोमांस वापरतात आणि चीज वगळतात. अंडी आणि मिरे तेवढे कायम राहतात. माझ्या मते तो पदार्थ ठीकठाकच लागतो. त्यापेक्षा सावकाश शिजवलेले मांस मागवावे, किंवा 1967 नंतर लिबियातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी आणलेले त्रिपोलीचे पदार्थ पाहावेत. कुसकुस आहेच, पण 'हराइमे' हे लसूण-मिरची-टोमॅटोतले माशाचे कालवण कोकणातल्या माणसाला परके वाटणार नाही.

शुक्रवारी दुपारीच ही रेस्टॉरंट बंद होऊ लागतात. काही ठिकाणी शब्बाथचे (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत पाळल्या जाणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचे) जेवण आगाऊ पैसे भरून ठेवल्यास मिळते. आठवडाभर आधी ईमेल पाठवून ठरवून घ्या. शनिवारी दिवसभर सर्व बंद असते. मार्चच्या मध्यात तिथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शब्बाथ साधारण सव्वासातला संपतो आणि त्यानंतर चुली पेटतात. शनिवारचे टेबल साडेआठचे राखावे, त्याआधी गेल्यास ताटकळत उभे राहावे लागेल. तुमच्या तारखा पुढे सरकून वल्हांडणाच्या ज्यू सणात गेल्या, तर मात्र सगळे वेळापत्रक नव्याने विचारावे लागेल.

शनिवारपेठ

'जिजेत्तो' आणि 'पिपेर्नो' ही त्या भागातली नामांकित रेस्टॉरंट ज्यू-रोमन पदार्थांसाठी ओळखली जातात, परंतु ती कोशर नाहीत. मेनूकार्डावर 'आला जुदिया' दिसले म्हणून आईंना आत नेऊ नका. ज्येष्ठांसाठी 8 क्रमांकाची ट्राम सोयीची. आरेनुलाच्या थांब्यावर उतरल्यास थोडेच चालावे लागते, पण रस्ता दगडी फरशांचा आहे, चपला जाड तळाच्या असाव्यात.

गोडासाठी 'बोच्चोने' ही पाटी नसलेली जुनी बेकरी शोधावी. रिकोटा आणि आंबट चेरीचा, वरून करपल्यासारखा दिसणारा तिचा केक घ्याच.

माडबन

सर्वांचे आभार. शनिवारी रात्री दुधाच्या आणि रविवारी दुपारी मांसाच्या रेस्टॉरंटमध्ये जायचे ठरवले आहे. केक रविवारी जेवणानंतर घ्यावा का?

शनिवारपेठ

रिकोटा दुधाचा आहे, त्यामुळे मांसानंतर आई तुम्हाला तो काही तास खाऊ देणार नाहीत. रविवारी सकाळी न्याहारीलाच घ्या; दुपारनंतर तो शिल्लक राहील याची खात्री नसते.