ताबा आईकडे, तरी पासपोर्टला वडिलांची सही लागते का?

फोंडेकरीण: मुलगी नऊ वर्षांची, आईकडे गोव्यात फोंड्याला. वडील दुबईत. घटस्फोटाचा दावा चालू आहे, अंतरिम ताबा आईला मिळालाय. पासपोर्ट काढायचाय, पण वडील सही देत नाहीत. ताबा मिळाला म्हणजे सगळे निर्णय आईचेच ना? शाळा, ऑपरेशन?

मांडवीकाठ: नाही. मूल राहणार कुणाकडे, एवढंच ताब्याने ठरतं. त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा हक्क ही वेगळी गोष्ट. आदेशात तसं लिहिलं नसेल तर वडिलांचा हक्क सुटत नाही.

पासपोर्टला मात्र वाट आहे. पासपोर्ट अर्जासोबत द्यायच्या नमुन्यांपैकी ‘अ‍ॅनेक्शर डी’ दोघांच्या संमतीचा. त्यावर एकटीची सही करून नेलात तर फाईल अडकणार. एक पालक संमती देत नसेल तेव्हा ‘अ‍ॅनेक्शर सी’ भरायचा, साध्या कागदावर, नोटरीची गरज नाही. दावा चालू आहे आणि कोर्टाने पासपोर्टला मनाई केलेली नाही, हे त्यात लिहून द्यावं लागतं. दावा लपवू नका. पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली खोट्या माहितीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. सोबत आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल न्या, सगळ्या पानांची.

तळटीप: पासपोर्ट मिळाला तरी व्हिसा अडतो. शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाला, मुलाच्या अर्जावर दोन्ही पालकांची संमती मागतात, नाहीतर एकट्या पालकाकडेच पूर्ण हक्क असल्याचा कोर्टाचा आदेश. म्हणून त्याच दाव्यात अर्ज टाकून पासपोर्ट, शाळा आणि उपचार या तिन्हींची परवानगी नाव घेऊन मागा. तातडीच्या ऑपरेशनला कुणी दुसऱ्या सहीसाठी थांबत नाही. वाद होतो तो ठरवून करायच्या शस्त्रक्रियेचा.

तडजोड झाली तर संमतीच्या अटींत ‘परस्पर विचाराने निर्णय घेतील’ हे वाक्य येऊ देऊ नका. सगळी भांडणं तिथेच उगवतात. त्याऐवजी असं काही: ‘आई ई-मेलने कळवील, १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास संमती दिली असे समजावे.’ ई-मेलचा पत्ताही अटींतच घाला.

कुंकळ्ळी७: अर्जाचा किंवा अटींचा मसुदा सावंतवाडीकडून, म्हणजे महाराष्ट्रातल्या वकिलाकडून, आणलेला असेल तर एकदा नीट वाचून घ्या. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याची कलमं त्यात हमखास असतात, आणि तो कायदा गोव्याला लागू नाही. इथे पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा घटस्फोट कायदा. ‘पाच वर्षांखालचं मूल आईकडे’ हे जे सगळे ऐकवतात, तेही त्या १९५६ च्या कायद्यातलंच.

आणि वडिलांकडे पोर्तुगीज नागरिकत्व असेल, किंवा ते घ्यायच्या बेतात असतील, तर मुलीची लिस्बनला जन्मनोंद आईच्या लेखी संमतीशिवाय करायची नाही, ही अट हवीच. त्या नोंदीवरूनच मुलीलाही पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं. तिकडचा पासपोर्ट झाला की भारतीय परत करावा लागतो.

फोंडेकरीण: आणि सुट्टीत वडील तिला दुबईला न्यायला मागतात, त्याचं?

तळटीप: मुलं परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे तिथून परत आणायला तो रस्ता बंद. कोर्टाकडून आधी परतीची तारीख, तिकिटाची प्रत आणि वडिलांचं हमीपत्र लिहून घ्या. मूळ पासपोर्ट एरवी कुणाकडे राहणार, तेही त्याच आदेशात.