मदत हवी आहे: वॉकीटॉकी उघडून बंद केला, आता स्पीकर मुका (अर्जंट)

घणसोलीचा_बंड्या
मंडळी लवकर सांगा, उद्या सकाळी ७ ची शिफ्ट आहे. वॉकीटॉकी पाण्यात पडला, म्हणजे बादलीत, पाच सेकंद पण नसेल. पुसला तर चालू होता पण आवाज फाटल्यासारखा यायला लागला म्हणून रात्री घरी आणून उघडला. आत फार काही पाणी नव्हतं, हेअर ड्रायर मारला आणि परत बंद केला. आता ऑन होतो, चॅनेल बदलतो, बटण दाबलं की लाल लाइट लागते, समोरच्याला माझा आवाज जातोय, पण मला काहीच ऐकू येत नाही. आणि एक काळं रबर उरलंय, दोऱ्यासारखं पातळ, गोल. ते कुठं बसतं? यूट्यूबवर बघितलं, सगळे दुसऱ्याच सेटचे व्हिडिओ आहेत.

स्क्रूड्रायव्हर
मॉडेल कोण सांगणार, शेजारी?

घणसोलीचा_बंड्या
काळा आहे, वर दोन नॉब, बाजूला बटणं. अँटेना आखूड. मॉडेल बघायला बॅटरी काढावी लागेल, चार्जिंगला लावलाय.

स्क्रूड्रायव्हर
अहो काळा आणि वर दोन नॉब म्हणजे जगातले निम्मे सेट झाले. बरं, अंदाजाने सांगतो. या टाइपात बाहेरून स्क्रू दिसत नाहीत. नॉब उपटायचे, खालून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून कव्हर सोडवायचं, की आतला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा बाहेर येतो. सगळा बोर्ड त्या सांगाड्यावर असतो कारण पॉवर अँपची (सिग्नल वाढवून अँटेनाला देणारा भाग) उष्णता तोच खातो. स्पीकर आणि माइक मात्र पुढच्या कव्हरला चिकटलेले असतात, आणि कव्हर व बोर्ड यांच्या मध्ये एक चपटी फ्लेक्स पट्टी असते, नखाएवढ्या कनेक्टरमध्ये बसते. तुम्ही जोरात ओढलं असणार, पट्टी अर्धवट निघाली. परत उघडा, कनेक्टरची कुलपी वर करा, पट्टी सरळ आत सारा, कुलपी दाबा. दहा मिनिटांचं काम आहे. रबर म्हणजे मेन सील, सांगाड्याच्या कडेला खाच असते तिच्यात बसतं. त्याच्याशिवाय बंद केला तर पुढच्या पावसात कामातून गेला म्हणून समजा.

कोपरखैरणे_रिपेअर
पट्टी नाहीये हो. माइक पण त्याच कव्हरला आहे आणि याचा आवाज पलीकडे जातोय ना, मग पट्टी बसलेली आहे. बाजूचा अ‍ॅक्सेसरी जॅक बघा. तिथे पाणी राहिलं की सेटला वाटतं बाहेरचा माइक लावलाय आणि तो आतला स्पीकर बंद करतो. जॅकवरचं रबरी झाकण आहे का जागेवर?

घणसोलीचा_बंड्या
झाकण आमच्याकडे कुठल्याच सेटला नाही. पहिल्या महिन्यातच गळून पडतात.

स्क्रूड्रायव्हर
माइकच्या लाइनी वेगळ्या असतात, पट्टी तिरकी बसली तर एका बाजूच्याच पिना लागतात. वीस वर्षं हेच करतोय.

अँटेनावाला
दुरुस्ती नंतर. आधी सांगा, लायसन कुठलं आहे? भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी पॉवरचे सेट २०१८ च्या नियमांनी लायसनशिवाय चालतात, बाकी बहुतेक सेटना डब्ल्यूपीसीचं, म्हणजे सरकारच्या वायरलेस विभागाचं, लायसन लागतं. ऑनलाइन विकणाऱ्यांना २०२५ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा काढल्या त्या उगाच नाही. आणि उघडलेला सेट टेस्ट करताना अँटेना न लावता बटण दाबू नका, पॉवर अँप बसतो. मी हॅम आहे, म्हणजे परीक्षा देऊन लायसन घेतलेला हौशी रेडिओवाला, सांगायचं काम केलं. खरं तर सगळ्यांनीच हॅमची परीक्षा द्यावी, इतका छान छंद आहे, पारसिकच्या डोंगरावर हातातला सेट घेऊन गेलात तर

स्क्रूड्रायव्हर
आले. आता पारसिक झालं की येऊर, मग माथेरान.

घणसोलीचा_बंड्या
लायसन कंपनीचं आहे, ते ऑफिसवाले बघतात. सेट पण कंपनीचाच आहे. कोणाला कळायच्या आत चालू करायचाय, एवढंच.

निवृत्त_सेफ्टीवाले
थांबा. कंपनीचा म्हणजे कसली कंपनी? आणि मागे, बॅटरी काढल्यावर, जे स्टिकर दिसतं त्यावर एका षटकोनात ईएक्स असं लिहिलंय का ते बघा. पुढे जी अक्षरं असतील ती जशीच्या तशी लिहा.

घणसोलीचा_बंड्या
काका, केमिकल. टीटीसीत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत. मी टँक फार्मला असतो, केमिकलच्या मोठ्या टाक्या असतात तिथे. स्टिकर आहे, अर्धं पुसलंय, ईएक्स आयए, पुढे आयआयसी, टी४.

निवृत्त_सेफ्टीवाले
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं बाळा. टँकमध्ये काय असतं?

घणसोलीचा_बंड्या
टोल्यूइन, मिथेनॉल. पण काका प्रश्न स्पीकरचा आहे.

निवृत्त_सेफ्टीवाले
प्रश्न स्पीकरचा राहिला नाही. ईएक्स म्हणजे पेटणारी वाफ असेल त्या जागेसाठी बनवलेला. हा सेट इंट्रिन्सिकली सेफ आहे. आयए म्हणजे आत दोन बिघाड एकदम झाले तरी जाळ लागेल एवढी ठिणगी पडणार नाही अशी बांधणी. आयआयसी म्हणजे हायड्रोजनसारख्या सगळ्यात सहज पेटणाऱ्या वायूंच्या गटापर्यंत चालतो, टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ डिग्रीच्या वर जाणार नाही. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ सुटते ते, ४ डिग्रीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेसुद्धा टँकच्या तोंडाशी पेटणारी वाफ असते. ती पेटायला पाव मिलीज्यूल पुरतं. दाराच्या कडीला हात लावल्यावर जो झटका आपल्याला जेमतेम जाणवतो, तो सुद्धा याहून मोठा असतो. हा सेट महाग असतो तो रेंजसाठी नाही. आतले फ्यूज, करंट अडवणारे रेझिस्टर, दोन ट्रॅकमधलं अंतर, सगळं मोजून ठेवलेलं असतं आणि काही भाग एपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या लेपात, बुडवलेले असतात ते तिथे वाफ पोचू नये आणि शॉर्ट होऊ नये म्हणून. अशा सेटच्या दुरुस्तीला आयईसी ६००७९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा स्वतंत्र भाग आहे, १९ वा. घरी उघडला तिथेच त्याचं ईएक्स संपलं, मग तू कितीही नीट बंद कर.

तळोजा_लोकल
काका घाबरवू नका पोराला. मी पण प्लांटमध्येच आहे, आमच्याकडे साधे सेट घेऊन लोक फिरतात, पंधरा वर्षांत काही झालं नाही.

निवृत्त_सेफ्टीवाले
पंधरा वर्षांत तुमची ठिणगी आणि वाफ एका वेळी एका जागी आली नाहीत, एवढंच त्यातून कळतं. बंड्या, अजून एक. बॅटरी मूळचीच आहे ना?

घणसोलीचा_बंड्या
ती मे महिन्यात फुगली होती. स्टोअरवाले इंडेंट (मागणीपत्र) टाक म्हणाले, दोन महिने लागतील म्हणाले, म्हणून ठाण्याला स्टेशनजवळून घेतली, ६५० ला. डिट्टो तशीच आहे, तेवढीच चालते.

कोपरखैरणे_रिपेअर
अरे देवा.

निवृत्त_सेफ्टीवाले
म्हणजे मे महिन्यापासूनच हा सेट साधा झालेला आहे, बादलीचा काही दोष नाही. बॅटरीत दोन लिथियम सेल एकामागे एक असतात, ७.४ व्होल्ट. सेफ बॅटरीत त्या सेलच्या पुढे करंट अडवणारा भाग एपॉक्सीत गाडलेला असतो. डुप्लिकेटात सेल, एक छोटा प्रोटेक्शन बोर्ड आणि पट्ट्या. खाली शॉर्ट झाली तर ती पूर्ण जोरानं करंट देते. सर्टिफिकेट सेट आणि बॅटरी दोघांना मिळून असतं, एक बदललं की दोन्ही गेलं. आणि टँक फार्ममध्ये कधी बॅटरी बदलली आहेस का?

घणसोलीचा_बंड्या
नाइटला उतरली की बदलायचो. वरच, टँकवर. खाली यायला वेळ लागतो.

आणि आता लपवून काय उपयोग, आत एका जागी काळा गोळा होता, मला वाटलं पाण्याने काहीतरी जळलंय, तो मी थोडा खरवडला.

स्क्रूड्रायव्हर
तोच एपॉक्सी. मी माझं वरचं सगळं मागे घेतो. साधा सेट असता तर दहा मिनिटांचं काम होतं. हा बंद करून ठेवा, हात लावू नका.

सोसायटी_सचिव_कोलशेत
नमस्कार, आमच्या तीन टॉवरच्या सोसायटीला वॉचमनसाठी सहा सेट घ्यायचे आहेत. बेसमेंटमध्ये रेंज येईल असे कोणते?

तळोजा_लोकल
मग आता याने काय करायचं, राजीनामा द्यायचा? सेफ्टीवाल्यांना सांगितलं की पहिला मेमो यालाच. बॅटरी दोन महिने न देणाऱ्याला कोणी विचारणार नाही. काका, तुम्ही निवृत्त आहात म्हणून बोलणं सोपं आहे.

निवृत्त_सेफ्टीवाले
हे खरं आहे तुमचं, मेमो यालाच मिळतो आणि ते मी पण बघितलंय. म्हणून कागदावर जायचं. बंड्या, उद्या सेट टँक फार्मला नेऊ नकोस. बॅटरी काढ, दोन्ही वेगवेगळ्या पिशवीत घाल, ते रबर पण घाल. शिफ्ट इन्चार्जला चार ओळी लिहून दे: पाण्यात पडला, उघडला, एपॉक्सी खरवडला, बॅटरी बाहेरची आहे. मे महिन्यातल्या इंडेंटचा नंबर त्याच कागदावर टाक. तो नंबर आहे ना?

घणसोलीचा_बंड्या
व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आहे इंडेंटचा. पण काका पैसे कापले तर? ३०-४० हजाराचा सेट आहे म्हणतात.

अँटेनावाला
लेखी द्याच. आणि सचिवसाहेब, बेसमेंटला आधी एक सेट मागून चालवून बघा, काँक्रीटपुढे डब्यावर लिहिलेल्या किलोमीटरला अर्थ नसतो.

घणसोलीचा_बंड्या
(दोन दिवसांनी) अपडेट. दिला लिहून. इन्चार्ज आधी तापला, मग इंडेंटचा फोटो बघून गप्प झाला. पैशाचं अजून कोणी बोललं नाही, मेमो मात्र आला. सर्व्हिसचा माणूस आला होता, त्याने सेट उघडायच्या आधी बाजूच्या जॅकमध्ये टॉर्च मारली, आत पिनांवर हिरवं साचलेलं आणि ओल होती. ब्रशने साफ केलं, स्पीकर सुरू. म्हणजे उघडायची गरजच नव्हती, पहिल्या दिवशीचा फाटका आवाज स्पीकरच्या जाळीतल्या पाण्याचा होता, वाळला असता म्हणाला. सेटचं ईएक्सचं स्टिकर त्याने खोडलं, आता तो गेटवर वॉचमनकडे जाणार.

कोपरखैरणे_रिपेअर
जॅक. 🙂

स्क्रूड्रायव्हर
मान्य. चहा माझ्याकडे.

घणसोलीचा_बंड्या
अजून एक राहिलं काका. त्याने बाकीचे सेट पण बघितले, माझा धरून आमच्या शिफ्टचे अकरा. चार बॅटऱ्या डुप्लिकेट निघाल्या आणि त्यातल्या तीन मी आणलेल्या नाहीत.

निवृत्त_सेफ्टीवाले
त्या चारही आजच्या आज बाहेर काढल्या का?

घणसोलीचा_बंड्या
काढल्या. सध्या नाइटला उरलेल्या सेटवर चालू आहे, बाकी ओरडून.

सोसायटी_सचिव_कोलशेत
बॅटरी किती तास चालते साधारण?