वायोमिंगच्या जुन्या शीटवरच्या तेलविहिरी सगळ्याच पूर्वेला सरकतायत

ऐरोली_जनरलशिफ्ट: ऐरोलीत जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे बनवायचं काम करते. सध्या वायोमिंगमधला कॅस्परच्या उत्तरेचा सॉल्ट क्रीक–टीपॉट डोम भाग हातात आहे. नुसतं ओसाड पठार, तेलविहिरी आणि गुरांची कुरणं. यूएसजीएसच्या (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) १:२४,००० च्या जुन्या नकाशा-शीटवरून विहिरी, पवनचक्क्या, गुरांची तळी उचलायची आहेत. चारही कोपरे अक्षांश-रेखांशाला बसवले, आरएमएस (बसवण्यातली सरासरी चूक) झकास. पण सॅटेलाइट इमेजवर टाकलं की नाले, कच्चे रस्ते, सगळंच ४०-५० मीटर पूर्वेला! क्लायंट म्हणतो नकाशाच चुकीचा. खरंच?

नौपाडा_निवृत्त: नकाशावर खापर फोडू नका. सगळं एकाच दिशेला, एकाच मापानं सरकलंय म्हणजे डेटमची (अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात त्याची) गडबड. स्कॅन ताणलं गेलं असतं तर प्रत्येक कोपऱ्यात वेगळा फरक दिसला असता. खालच्या समासात डावीकडे १९२७ चा नॉर्थ अमेरिकन डेटम (नॅड २७) लिहिलेला असेल. तुम्ही आकडे डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम) चे म्हणून भरलेत. आरएमएस चांगला येणारच, चारही कोपरे हातात हात घालून सरकलेत ना! आधी नॅड २७ मध्ये बसवा, मग नॅडकॉनच्या (डेटम बदलायची अमेरिकी पद्धत) ग्रिडनं रूपांतर करा. आपल्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टवर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणिती मॉडेल) असतात, तिथंही हाच खेळ.

खारघर_खडक: काकांचं बरोबर. पण विहिरींचं साल लावताना जपा. शीटवर जांभळ्या रंगात जे दिसतं ते नंतर हवाई छायाचित्रांवरून भरलेलं, बरेचदा जागेवर न तपासता. समासात छायाचित्रांचं साल, फील्ड तपासणीचं साल आणि छपाईचं साल वेगवेगळं असतं. विहीर कधी खणली हे वायोमिंग ऑइल अँड गॅस कन्झर्वेशन कमिशनच्या नोंदींतून घ्या. तिथं जागा सेक्शनच्या (साधारण एक मैल बाजूचा जमिनीचा चौरस) हद्दीपासून किती फूट अशीही दिलेली असते, आणि सेक्शनच्या रेषा तुमच्या शीटवर आहेतच. फक्त सेक्शनचे क्रमांक नागमोडी चालतात: १ ईशान्य कोपऱ्यात, तिथून पश्चिमेला ६ पर्यंत, ७ बरोबर ६ च्या खाली, मग उलट पूर्वेला. टाउनशिपमध्ये, म्हणजे सेक्शनांच्या मोठ्या चौरसात, असे ३६. नवीन पोरं इथंच हमखास घसरतात.

ऐरोली_जनरलशिफ्ट: नॅड २७ केलं, नाले बसले! काका, धन्यवाद. जांभळ्या विहिरींची वेगळी लेयर करू का?

खारघर_खडक: नको. एकच लेयर ठेवा, रंगाचा आणि छायाचित्राच्या सालाचा असे दोन कॉलम घाला.