ट्रेंट नदीचा पाऊस आणि गावची वलगण

छोटू (नॉटिंगहॅम): काल ट्रेंटवर गरवायला गेलो होतो, ऑफिसमधल्या मित्राबरोबर, पहाटे जे गेलो ते संध्याकाळपर्यंत, अख्खा दिवस पाऊस आणि एकसुद्धा मासा नाही. फोटो टाकतोय, त्यात नुसती नदीच आहे

आत्या: अरे किती भिजलास. अंग पुसून गरम काहीतरी प्यायलास ना

ताई: एक पण नाही?? मग दिवसभर दोघं काय करत होतात

छोटू (नॉटिंगहॅम): ताई सांगतो. इथे नद्यांवर 15 मार्च ते 15 जून गळ टाकायला बंदी असते, ते माशांचे अंडी घालायचे दिवस, 16 जूनला सीझन उघडतो. माझा मित्र तेव्हापासून नुसता तळमळत होता, त्याला पहिला शनिवार मिळाला आणि नेमकं वर कुठेतरी आदल्या रात्री धो धो कोसळलेलं, नदी चढायला लागलेली आणि पाणी दुधाळ चहासारखं. त्याने काठावर एक काटकी रोवून ठेवली पाणी किती चढतंय बघायला, दुपारी जेवायच्या आधीच ती बुडाली, मग आम्ही खुर्च्या मागे घेतल्या, परत रोवली, परत बुडाली. वरून शेवाळ आणि पानं वाहत येत होती ती दोरीला अडकायची, दर वेळी गुंडाळून बघावं तर वजन लागतंय म्हणून जीव हलतो आणि वर येतो शेवाळाचा झुबका

मोठे काका: पाणी चढतं असलं की मासा मधल्या ओढीत राहत नाही, कडेला लव्हाळ्यात शिरतो. गरी कडेला टाकायला हवी

छोटू (नॉटिंगहॅम): काका तो अगदी हेच म्हणाला आणि तेच केलं. झाडाखाली पाणी जरा फिरतं तिथे टाकली, आमिष म्हणून जिवंत आळ्या, इथे दुकानात डब्यात मिळतात. त्या कोरड्या असतात तोवर डब्यात गप्प, पण पावसाचं पाणी आत गेलं की ओल्या आळ्या डब्याच्या भिंतीवर सरसर चढून बाहेर येतात, माझ्या बाहीवर, डब्याच्या झाकणाखाली, सगळीकडे. त्याने शांतपणे एकेक उचलून कोरड्या भुशात टाकली

आत्या: ईईई

ताई: आणि मिळाला असता तर घरी आणून खाल्ला असतात का

छोटू (नॉटिंगहॅम): नाही गं, गळ काढून परत सोडायचा, जमिनीवर आपटू नये म्हणून खाली ओली मऊ चटई टाकतात. परवाना लागतो सरकारी, तो नसेल तर दंड. आम्हाला बार्बेल हवा होता, तो आपल्या महसीरचा लांबचा भाऊबंद, तशाच मिशा असतात. खरं सांगू, मासा मिळाला नाही याचं मला काही वाटलं नाही. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो हा माणूस, पण त्याचे वडील गेले हे मला काल एका छत्रीखाली बसल्यावर कळलं. ह्याच काठावर ते त्याला घेऊन यायचे. त्यांचीच रॉड त्याने मला दिली होती दिवसभर

मोठे काका: चांगला माणूस दिसतोय. त्याला गावाला घेऊन ये

दादा (महाड): छोट्या तू इथे हवा होतास रे!! परवा पहिला मोठा पाऊस झाला आणि रात्री वलगण लागली, मासे अंडी घालायला वर चढायला लागले, बॅटरी आणि पाग (फेकायचं जाळं) घेऊन आम्ही सगळे ओहोळावर, शिंगटी वाम सगळं शेतात चढत होतं, टोपली भरली, गाभोळीने पोटं फुगलेली नुसती

छोटू (नॉटिंगहॅम): दादा रागावू नकोस पण ते वाचून कसंतरी झालं. ती गाभोळी म्हणजेच पुढच्या वर्षीचा मासा ना? एकेका मादीच्या पोटात हजारोंनी अंडी असतात आणि ती सोडायलाच ती चढते. इथे पाण्यात जो मासा असतो तो त्या बंदीमुळेच असतो असं मित्र म्हणतो, आणि बंदीत हे लोक खरंच गळ काढत नाहीत

दादा (महाड): अरे आम्ही वर्षातून दोन रात्री जातो. कंपन्यांचं पाणी नदीत येतं तेव्हा बारा महिने मासा मरतो ते कोणी बघत नाही, आणि उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर टाकणारे वेगळेच. समुद्रात 1 जून ते 31 जुलै बंदी असते, मोठ्या बोटी उभ्या राहतात, ते बरोबरच आहे, पण आमच्या ओहोळावर एवढं काय

मोठे काका: दोघांचं खरं आहे. ब्लीचिंगवाल्यांना तर वाडीत उभं करू नये, लहान पिलूसुद्धा राहत नाही मागे. पण दादा, आपल्या लहानपणी पागेने मारायचो तेवढंच, आता ओहोळाच्या तोंडाला आडवं बारीक जाळं लावतात लोक, वर एक मासा जात नाही. वाट अडवणं वेगळं आणि चार मासे घेणं वेगळं. वाळणकोंडीला बघ, काळ नदीत देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, हातभर लांबीचे महसीर माणसाच्या पायाशी येतात. आपल्याकडे राखायची रीत नाही असं नाहीच

ताई: मला पोरांना घेऊन जायचंय तिकडे एकदा

दादा (महाड): जाळं आपल्या घरातलं कोणी लावत नाही हे आधी लिहून ठेवतो. पण कळलं काका. फुगलेली मादी पागेत आली तर सोडतो, नर ठेवतो, अंधारात ओळखू येईल तेवढं. छोट्या चालेल?

छोटू (नॉटिंगहॅम): दादा पळेल. पोट दाबून बघू नकोस फक्त, अंडी बाहेर येतात

दादा (महाड): मला शिकवतोस होय 😄 काका रविवारी येतो, आडव्या जाळ्याचं वाडीत बोलू, खालच्या वाडीची तीन घरं आहेत त्यांच्याशी तुम्हीच बोला, माझं ऐकणार नाहीत

मोठे काका: ये. सकाळी लवकर ये, नंतर ते लावणीला जातात