जुनी कुऱ्हाड, जुनं लोखंड : तुमचे अनुभव सांगा

घाटवाट
परवा शेजारच्या गावात टॅग सेल होता. इकडे कनेक्टिकटात गराज सेलला असंच म्हणतात. गंजक्या सामानाच्या खोक्यात तळाशी कुऱ्हाडीचं नुसतं पातं सापडलं. दांडा नाही, नेढ्यात जुन्या लाकडाचा ठोकळा अडकलेला, तुंबा, म्हणजे धारेच्या उलटीकडचा बोथट भाग, घणाचे घाव खाऊन अळंबीसारखा पसरलेला. किरकोळ पैशात मिळालं. घरी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासलं, तर गालावर आधी मुकुट दिसला, मग त्यातून वर आलेला हात, आणि हातात हातोडा. कॉलिन्स!

हा कारखाना इथलाच. 1826 साली फार्मिंग्टन नदीच्या पाण्यावर सुरू झाला, भोवती वसलेल्या गावालाही कॉलिन्सव्हिल हेच नाव पडलं, आणि 1966 मध्ये बंद झाला. त्यांच्या आधी कुऱ्हाड विकत आणली की धार घरी काढावी लागे, यांनी धार लावूनच विकायला सुरुवात केली. इतक्या नकला निघाल्या की शिक्क्यात 'लेजिटिमस' म्हणजे अस्सल, असं घालावं लागलं. माझ्या पात्यावर त्यातली 'लेजि' एवढीच अक्षरं उरली आहेत.

हे हातात घेतलं आणि कोरेगावकडचे आमचे आजोबा आठवले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं अंगणात यायची. विळे, खुरपी, पहार, दोन कुऱ्हाडी. विटेच्या भुकटीने घासायची, तेलाचं बोट फिरवायचं. आम्हा पोरांना कुऱ्हाडीला हात लावायची परवानगी वर्षातून त्या एकाच दिवशी. त्या कुऱ्हाडी आता कुठे आहेत, घरात कुणालाच माहीत नाही.

तुमच्याकडे जुनं पातं, कोयता, वाकस, काही असेल तर लिहा. कसं ओळखलंत, कसं उभं केलंत.

वऱ्हाडी_माणूस
नेढ्यातलं लाकूड जाळू नका भाऊ!! हे आधी सांगतो, बाकीचं जेवण झाल्यावर.

माडबन
आमच्याकडे कुऱ्हाडीपेक्षा कोयती. कमरेला आकडी, आकडीत कोयती, आणि काका माडावर. ती आकडी अजून माझ्याकडे आहे, लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की हात फिरवत बसावंसं वाटतं. कोयतीचं पातं झिजून निम्मं झालं होतं तरी काकांनी टाकलं नाही. नवीन आणलेल्या दोन पडून होत्या.

घाटवाट
@वऱ्हाडी_माणूस नाही हो, जाळणार नाही. ड्रिलने भोकं पाडून पोखरतोय.
@माडबन आकडीचा फोटो टाका ना!

वऱ्हाडी_माणूस
जेवलो. तर ऐका. आमच्या गावात दांडा मोडला की पातं सरळ चुलीत टाकायचे, लाकूड आपोआप जळून जाई. पण त्याबरोबर पात्याचं पाणी, म्हणजे धारेचा कडकपणाही उतरे. मग बाभळीवर दोन घाव घातले की धार वळलीच. लोक म्हणत कुऱ्हाड जुनी झाली. जुनी नाही झाली राजेहो, चुलीनं मऊ केली. पोखरून काढा, मग खालून पहारेच्या तुकड्यानं ठोका. नेढं वरच्या अंगाला थोडं रुंद असतं, तिकडूनच बाहेर येते.

लोखंडवेडा
वा, माझा विषय. ऑफिसच्या बसमधून लिहितोय, तुटक वाटेल.

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी पाती गोळा करतो. घेण्याआधी एवढं बघतो. नेढ्यात बोट किंवा दोरी घालून पातं लोंबतं धरा आणि लहान हातोडीने टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. चीर बहुतेक नेढ्याच्या कोपऱ्यात असते. मग धारेवर कानस ओढा. कानस नुसती घसरली तर पातं फार कडक आहे, लोण्यात शिरल्यासारखी शिरली तर पाणी गेलंय. जरा नाखुशीने चावली तर ते पातं घ्या.

गंज व्हिनेगरने काढतो. रात्रभर बुडवायचं, सकाळी ब्रश मारायचा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करून तेल. यात गंमत अशी की आम्ल लागल्यावर कडक भाग आणि मऊ भाग वेगळ्या रंगाचे दिसतात. पाणी कुठपर्यंत दिलंय ती रेघ स्पष्ट उमटते. खूप जुन्या पात्यात तर अंग मऊ लोखंडाचं आणि धारेला पोलाद जोडलेलं असतं, तो सांधाही दिसतो. धारेकडचं पोलाद किती उरलंय यावर पात्याचं आयुष्य. सांध्यापर्यंत झिजलं असेल तर भिंतीवर लावायला घ्या, लाकूड तोडायला नाही.

माझ्याकडच्या एका पात्यावर तीन रेघांचा बाण आणि 1943 आहे. तो बाण ब्रिटिश सरकारी मालाचा. वर पुसट 'एलवेल', म्हणजे इंग्लंडातल्या वेन्सबरीचा कारखाना. युद्धात कुणाच्या खांद्यावर होती, कुठली झाडं तोडली, काय माहीत. स्टॉप आला.

रानजाई
व्हिनेगर बिडाच्या तव्याला चालेल का? सासूबाईंचा तवा माळ्यावर होता, पार लाल झालाय.

माडबन
चिंच लाव गं. कोळ काढून चोपड, तासाभराने काथ्याने घास. नंतर गॅसवर कोरडा कर आणि तेल.

लोखंडवेडा
@रानजाई व्हिनेगर चालेल, पण तव्याला रात्रभर नको, बीड खाल्लं जातं. अर्धा तास, मग घासून बघा.

देशावरची
आमच्या गावाबाहेर उन्हाळ्यात घिसाड्यांची पालं पडायची. मी शाळेतून येताना दप्तर पाठीला तसंच ठेवून बघत उभी राहायची. पुरुष सांडशीत पातं धरून ऐरणीवर फिरवणार आणि बाई घण मारणार. लुगडं खोचलेलं, बाळ पालात झोपलेलं, आणि एकही घाव चुकायचा नाही. भाता फिरवायला आठ-दहा वर्षांची पोर.

सगळ्यात जादू वाटायची ती पाणी देण्याची. लालभडक पात्याची नुसती धार पाण्यात बुडवायची, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करायची आणि थांबायचं. मागच्या अंगातली धग हळूहळू धारेकडे सरकायची आणि रंग चालत यायचे. आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा धारेवर पोचला रे पोचला की पूर्ण पातं पाण्यात. निळा येऊ दिला तर धार मऊ राहणार. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. आई विळे शेवटून, म्हणजे धार नव्याने करून घ्यायची आणि बदल्यात ज्वारी, कधी जुनं लुगडं द्यायची. आता वाटतं, फार थोडं द्यायचो आपण त्या कामाचं.

वऱ्हाडी_माणूस
@देशावरची डोळ्यांपुढं उभं केलं ताई.

लोखंडवेडा
@देशावरची तोच निळा रंग ग्राइंडरवर येतो! तीनशे अंशांच्या आसपास. धार लावायच्या दुकानात दोन मिनिटांत पातं निळं करून देतात आणि गिऱ्हाईक खूश होतं, चकचकीत दिसतं म्हणून. घाटवाट, धार कानशीने आणि दगडानेच काढा. मशीन वापरलंच तर पातं उघड्या हाताने धरा. हाताला चटका बसायच्या आत पाण्यात.

गडचिरोलीहून
इथे शाळेवर आहे. माडिया माणूस घरातून निघाला की खांद्यावर कुऱ्हाड असतेच, जंगलात जायचं असो की बाजारात. पातं लहान, दांडा बारीक आणि हलका, धामणीचा. धामणीचं लाकूड लवतं, घावाचा झटका हातापर्यंत येऊ देत नाही. तिवसाचाही करतात. आमच्या शिपाईदादांकडून शिकलो: दांड्याचं लाकूड सावलीत सुकवायचं, आणि टोकाकडून पाहिलं की रेषा पात्याच्या दिशेने धावायला हव्यात. आडव्या असतील तर दांडा केव्हाही तुटेल.

लोहार हल्ली ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून कुऱ्हाड करतात. चांगलं पोलाद असतं ते.

घाटवाट
धामण इथे कुठली, हिकरी घेतो. बाकी रेषांचं तंतोतंत तेच इकडचे लोकही सांगतात. तुंब्याच्या पसरलेल्या कडा कानशीने काढून टाकल्या, तिथून कपची उडून डोळ्यात जायची भीती असते.

सांजवेळ
वाचत होते, लिहिणार नव्हते. बाबा सुतार. ते गेल्यावर वर्षभरात भावाने पेटी भंगारात दिली. वाकस, पटाशा, रंधे, सगळं किलोवर. मी सासरी होते, कळलं तेव्हा उशीर झाला होता. वाकसाच्या दांड्याला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता.

देशावरची
अगं… 💔

माडबन
सांजवेळ, असं सगळ्यांच्या घरात झालंय. भंगारवाल्याकडून पुढे बाजारात जातं पुष्कळदा, वितळत नाही सगळं.

लोखंडवेडा
@सांजवेळ कुठलं गाव? जुन्या बाजारात सुतारी हत्यारं पुष्कळ येतात. पेटीवर किंवा दांड्यावर काही खूण होती का? पटाशीच्या मुठीवर बरेच सुतार नावाचं अक्षर कोरतात.

सांजवेळ
भोर. मुठींवर 'द' कोरलेला असायचा, खाली दोन रेघा.

रानजाई
चिंच लावली. निम्मा तवा काळा झाला!! धन्यवाद माडबनताई. दुसरा हात उद्या, आता डबे भरायचेत.

वऱ्हाडी_माणूस
घाटवाट, दांडा ढिला झाला तर पाण्यात बुडवू नका हं. फुगून घट्ट होते, वाळली की पहिल्यापेक्षा ढिली. दांडा उभा उलटा धरा, पातं खाली लोंबतं, आणि वरच्या टोकावर लाकडी हातोडा मारा. पातं आपोआप दांड्यावर चढत जाते. मग पाचर. दांड्याला जवसाचं तेल, कच्चं.

घाटवाट
करून पाहतो. जवसाचं तेल इथे सहज मिळतं.

गडचिरोलीहून
तेल लावलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चिंधी आपोआप पेटते. पसरून वाळत घाला.

लोखंडवेडा
@सांजवेळ मी रविवारी जातोच, बुधवारीही जमलं तर जाईन. 'द' आणि दोन रेघा, लक्षात ठेवलं. पटाश्या विकणारे दोघे-तिघे ओळखीचे आहेत, त्यांनाही सांगून ठेवतो.

सांजवेळ
मी पण येते रविवारी. किती वाजता?

लोखंडवेडा
नऊच्या आत. नंतर उन्हाने लोखंडाला हात लावता येत नाही.